तिसऱ्या काजाची बखर

वसतिगृही राहून विद्या संपादन करणाऱ्या चिरंजीव कन्येचे सेवेशी घरच्या बखरनविसाचा अर्ज ऐसा जे, आपण फोनावरून आज्ञा फर्माविली की, "रविवारी मी तीन वेळा फोन केला, एकानेही उचलला नाही, घरात नक्की काय चाललं होतं ते मला पहिल्यापासून सांगा." आज्ञा शिरसावंद्य मानून, जे डोळ्यांनी पाहिले ते, जे भिंतीआडून ऐकिले ते, आणि जे कोणी बोलिले नाही परंतु सर्वांस ठाऊक होते तेही, एकंदर मजकूर लिहून काढिला आहे. यात पदरचे घातले ते मिठापुरते. वाचताना हसू आल्यास हसावे, परंतु आईसाहेबांस हसू नये, कारण सारी मोहीम त्यांच्याकरिता होती.

प्रथम घराण्याचा मजकूर. आपले तीर्थरूप, ज्यांस या बखरीत राव म्हटले आहे, ते वजनमापे खात्याचे तपासनीस. यांचा दरारा ऐसा की, राव बाजारात शिरले म्हणजे तराजूंची पारडी आपोआप सरळ होत, आणि दुकानदार गल्ल्यावरून उठून उभे राहत, आणि ज्यांच्या मनात पाप ते उगाच खोकत. राव एकेक तराजू तपासून, तारेस शिसे लावून, चिमट्याने दाबून मोहर करीत. एकदा मोहर जाहली म्हणजे पुढील तपासणीपावेतो त्या वस्तूस कोणी बोट लावू नये, हा खात्याचा कायदा. अठ्ठावीस वर्षे हा कायदा इतरांकडून पाळून घेता घेता तो रावांच्या हाडीमांसी खिळला, आणि जे बंद आहे ते बंद ठेवण्याकरिताच बंद आहे, ऐशी त्यांची खातरजमा जाहली. स्वभावे राव गरीब, बोलणे थोडके, परंतु जे वहीत लिहिले ते खरे आणि जे लिहिले नाही ते जगात नाही, हा त्यांचा बाणा.

रावांच्या मातुःश्री, म्हणजे आपल्या आजीसाहेब, यांजकडे घरातील आवरण खाते दरोबस्त. टीव्हीचा रिमोट ज्या पिशवीत आला त्याच पिशवीत अद्याप आहे, आणि पिशवी घासून घासून ऐशी धुरकट जाहली आहे की आवाजाचे बटण कोणते हे अनुभवानेच कळते. फ्रिजच्या मुठीस अंगरखा, मिक्सरास टोपडे, खुर्च्यांस गवसण्या. पाहुणा घरात येऊन बसला आणि फार वेळ हलला नाही तर त्याजवरही काही पांघरले जाईल, ऐसे मामासाहेब म्हणत. घरचा संगणक रावांनी आठ वर्षांमागे सुटे भाग आणवून जातीने जुळविला, तेव्हा आजीसाहेबांनी त्याचे माप घेऊन निळ्या कापडाचे झबले शिविले, त्यास पांढरी गोट लाविली, आणि पाठीमागे वायरी बाहेर येण्यास काजे केली. पडद्याच्या वायरीकरिता काजे दोन, कारण रावांनी वही पाहून सांगितले की पडद्यास चित्र पाठविणाऱ्या ग्राफिक्स कार्डास दारे दोन. ही गोष्ट ध्यानी असो द्यावी, पुढे कामास येईल.

या संगणकावर राज्य आपल्या आईसाहेबांचे. बावीस वर्षे त्या घरी बसून इंजिनियर साहेबांचे इमारतींचे नकाशे काढीत आल्या. शहरातील किती जिने, किती खिडक्या आणि किती संडास त्यांच्या हातून गेले याची मोजदाद नाही. ज्या प्रोग्रामावर त्या नकाशे काढीत तो फार जुना, त्याची कंपनी बुडाली, नव्या संगणकावर तो उघडतच नाही, आणि बावीस वर्षांचे सारे नकाशे त्याच्याच पोटात. म्हणोन जुना संगणक जाणे म्हणजे आईसाहेबांचे राज्य जाणे, हे सर्वजण जाणून होते.

मग दोन महिन्यांमागे एक गोष्ट जाहली. एका शाळेच्या नकाशात वर्गाच्या दारांची रुंदी नऊशे तीस मिलिमीटर होती. इंग्रजी आकडे बारीक, पडदा जुना, उजव्या कडेने पिवळा पडलेला, आणि आईसाहेबांच्या डोळ्यांस वर्षभरापासून बारीक तीन आणि आठ एकसारखे दिसू लागलेले. सुतारांच्या यादीत त्यांनी नऊशे ऐंशी लिहिले. सुतारांनी चौदा चौकटी केल्या, आणि चौदाही भिंतींत जाईनात. इंजिनियर साहेब रागे भरले असते तर परवडते, परंतु ते फोनावर इतकेच बोलिले की, "होतं हो असं कधीकधी." आईसाहेब त्या दिवशी जेवल्या नाहीत. मग त्या पडद्यापाशी नाक नेऊन बसू लागल्या, आणि प्रत्येक आकडा बोटाने दाबून तीनतीनदा वाचू लागल्या, आणि त्यांची मान धरली.

आणि एके सकाळी राव सिलिंडरवाल्याचा नंबर शोधावयास आईसाहेबांचा मोबाईल हाती घेतात तो, इंजिनियर साहेबांस लिहिलेला परंतु न धाडिलेला एक निरोप नजरेस पडला. मजकूर असा: "साहेब, पुढच्या महिन्यापासून नकाशांचं काम दुसऱ्या कोणाला तरी द्यावं. माझ्याच्याने आता होत नाही." रावांनी तो दोन वेळा वाचिला. मग मोबाईल जसा होता तसा टेबलाच्या कडेस सरळ ठेविला, आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले. बायकोचे राज्य जाते आणि आपण शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचितो, हे शल्य त्यांच्या काळजात शिरले. सिलिंडर त्या दिवशी सांगावयाचा राहिला.

इतके होताच रावांनी मोहिमेची मसलत केली, आणि आईसाहेबांचे बंधू मामासाहेब यांस कुमकेस बोलाविले. मामासाहेब विमा विकतात, तोंड गोड, नव्या वस्तूंचा भारी शौक, आणि जुनी वस्तू दिसली की ती फेकून द्यावी हा त्यांचा एकच सल्ला. दोघे दुकानी दाखल जाहले, आणि तेथे त्यांस सत्तावीस इंची नवा मॉनिटर दिसला. काय त्याचा थाट वर्णावा. रुंदीत प्रकाशाचे बिंदू चार हजारांच्या घरात, म्हणजे खासा चार हजारी मनसबदारच, आणि त्याजवर केसाएवढी रेघही रेघ म्हणोन दिसे. दुकानदाराने अदबीने पुसिले की, "काका, घरच्या ग्राफिक्स कार्डाला डिस्प्लेपोर्टचं दार आहे का? त्यातून हा सगळ्यात छान चालतो." रावांनी खिशातून वही काढून अकरावे पान उघडिले आणि सांगितले की, दारे दोन, एक डीव्हीआय, एक एचडीएमआय, तिसरे नाही. मामासाहेब बोलिले, "अहो, घरी जाऊन एकदा बघा तरी." राव उत्तरले की वही आहे.

मग दुकानदाराने करार सांगितला, तो ऐसा: माल सात दिवसांत परत घेऊ, परंतु खोका, थर्माकोल, पिशव्या आणि पडद्यावरचा पारदर्शक पापुद्रा जसाच्या तसा असला पाहिजे. रविवारी संध्याकाळी सातच्या आत आणावे. हे कलम ऐकून रावांस उलट समाधान वाटले, कारण पापुद्रा काढण्याचा विचार त्यांच्या मनात तसाही आला नव्हता.

सोमवारी नवा मॉनिटर टेबलावर आरूढ जाहला, आणि जुन्या मॉनिटराची डीव्हीआय केबल त्यास लावू गेले तो लावण्यास तोंडच नाही. तो दिवस त्यात गेला.

मंगळवारी रावांनी एचडीएमआयची केबल दुसऱ्या काजातून आत घालून, चाचपडत कार्डास जोडिली, आणि चित्र आले. साऱ्या घरात आनंद जाहला. आजीसाहेबांनी चहा ठेविला. परंतु ग्राफिक्स कार्ड म्हणजे आठ वर्षांचा म्हातारा शिलेदार, त्याचा पंखा लहानशा गिरणीसारखा घरघरे, आणि त्या दारातून चार हजारी थाटाचे चित्र पाठवावयाचे तर सेकंदास तीसच पाठविता येत, साठ पाहिजेत तेथे. त्यामुळे जाहले असे की, हात माऊस घेऊन उजवीकडे जाई आणि बाण मागून रमतगमत येई, आणि नकाशा सरकविला की भिंती हेलकावे खात, आणि जिन्याच्या पायऱ्या आपल्यामागे शेपट्या सोडीत. आईसाहेब पाव तास बसल्या आणि त्यांस घेरी आली. पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "छान आहे की. होईल सवय." चोवीस वर्षांच्या संसारात राव इतके शिकले होते की, आईसाहेब होईल सवय म्हणाल्या म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेले. त्यांनी चेहरा तपासणीस निघाल्यासारखा कोरा ठेविला.

बुधवारी राव कचेरीतून लौकर आले, आणि चार हजारी मनसबदारास दोन हजारी करावा ऐशी तजवीज केली. मनसब उतरविताच सेकंदास साठ चित्रे येऊ लागली, बाण आज्ञेत राहू लागला, आणि राव मिशीत हसले. मग आईसाहेबांनी चष्मा पुसून शाळेचा नकाशा उघडिला, आणि पाहतात तो अक्षरे फुगून एकमेकांस बिलगलेली, आणि तीन आणि आठ पूर्ववत भाऊभाऊ. म्हणजे हलणारे चित्र पाहिजे तर स्पष्ट नाही, आणि स्पष्ट पाहिजे तर हलविता येत नाही.

गुरुवारी कार्ड चालविणारी ड्रायव्हर नामक कागदपत्रे नवी आणवावी म्हणोन खटपट केली. दोन तास संगणकाने विचार केला, मग पडदा काळा ठिक्कर पडला, मग उजळला तेव्हा सारी चित्रे बशीएवढी मोठी, आणि शेवटी जबाब आला की या कार्डाकरिता याहून नवी कागदपत्रे निघत नाहीत आणि निघणारही नाहीत. राव त्या जबाबाकडे पाहून म्हणाले, "निवृत्त झालाय बिचारा." त्यांच्या स्वतःच्या निवृत्तीस तेव्हा अठरा महिने उरले होते.

शुक्रवारी मामासाहेब ॲडॉप्टर नामक एक दुभाषा घेऊन आले. हा एका टोकास एचडीएमआयची भाषा ऐकतो आणि दुसऱ्या टोकास डिस्प्लेपोर्टची बोलतो, ऐशी त्याची शिफारस होती. तो जोडिताच मॉनिटरावर सिग्नल नाही हे शब्द इकडून तिकडे फिरू लागले. मामासाहेबांनी तो उपटून पुन्हा जोडिला, मग फुंकर मारून जोडिला, मग कार्डास चार शब्द सुनावून जोडिला. अखेर दुकानी फोन लाविला तेव्हा कळले की, हा दुभाषा एकाच दिशेने बोलतो, आणि ती दिशा उलटी. "काका, त्याला डिस्प्लेपोर्टकडून यायचं असतं," दुकानदार म्हणाला, "तुमच्याकडे ते दारच नाही ना?" रावांनी वही पाहिली आणि नाही म्हणोन कळविले.

शनिवारी मामासाहेबांनी सर्वांसमक्ष फर्मान काढिले की, नवे कार्ड घ्यावे. ते न जमल्यास नवा संगणक घ्यावा. आणि हे निळे झबलेवाले धूड रद्दीत घालावे. त्यांनी मित्राकडून एक नवे कार्ड मागूनही आणिले. ते लांबीने वीतभर अधिक, जुन्या डब्यात आडवे येईना की उभे येईना, आणि त्यास वीजही दुप्पट पाहिजे. संगणक बदलावा तर प्रोग्राम गेला आणि बावीस वर्षे गेली. मामासाहेब मनाचे वाईट नव्हेत. ते बहिणीजवळ बसून म्हणाले, "ताई, झालं की आता. बावीस वर्षं पुष्कळ झाली. आराम कर जरा." आईसाहेब म्हणाल्या, "हो, मी पण तोच विचार करतेय." राव दारात उभे होते. त्यांस तो निरोप आठवला, आणि त्यांनी आजवर कधी केले नाही ते केले, म्हणजे मामासाहेबांवर ओरडले. काय ओरडले ते त्यांस स्वतःसही कळले नाही, आणि बखरनविसासही नीट लिहून घेता आले नाही. आजीसाहेबांनी सर्वांस चहा दिला आणि सभा बरखास्त जाहली.

आता रविवारचा मजकूर. दुपारी चार वाजता मामासाहेब मोटार घेऊन दाराशी हजर. कालचे ओरडणे त्यांनी मनात ठेविले नव्हते. खोका बैठकीत मांडला, थर्माकोलाचे तुकडे ओळीने लाविले, पिशव्या मोजिल्या. त्यांत एक पिशवी अशी होती की, तीत मॉनिटरासोबत आलेली डिस्प्लेपोर्टची केबल होती. जे दारच नाही त्याची केबल कशास उघडा, म्हणोन ती सीलबंद तशीच ठेविली होती. राव खुर्चीवर वही धरून बसले, आणि त्यांस मॉनिटराकडे पाहवेना. आपण मापात कोठेतरी चुकलो, आणि कोठे ते सापडत नाही, ऐसे त्यांस आयुष्यात प्रथमच वाटत होते.

आईसाहेब म्हणाल्या, "तुम्ही बसा. वायरी मी काढते." मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेविला, कारण टेबलाखालच्या अंधारात तो असून नसून सारखाच, आणि गुडघ्यांवर बसून झबल्याच्या खालच्या कडेतून हात आत घातला. राव आठवडाभर काजांतून केबल घालीत होते, आणि काजातून जे दिसते तेच पाहत होते. आईसाहेबांनी पाहिले काहीच नाही. बावीस वर्षे ज्यांनी भिंतीत दार कोठे आहे आणि कोठे नाही याचाच विचार केला, त्यांची बोटे कार्डाच्या पाठीवरून एकेक खाच मोजीत चालली, आणि मग थांबली.

"अहो, हे तिसरं काय आहे?"

"काही नाही. दोनच आहेत."

"मी हात लावतेय ना. टोपण आहे त्याच्यावर. रबराचं."

राव उठले. वहीचे अकरावे पान उघडिले, आणि या खेपेस ते तळापर्यंत वाचिले. वर ठळक अक्षरांत, दारे दोन. आणि खाली, आठ वर्षांमागच्या त्यांच्याच हस्ताक्षरात, बारीक: तिसरी जागा मोहरबंद, सबब गणतीत धरली नाही. रावांनी त्या ओळीवर बोट ठेविले. त्या वेळी कोपऱ्यातून आजीसाहेब म्हणाल्या, "अरे, तूच विचारलं होतंस, हे काळं टोपण काढू का म्हणून. मी म्हटलं राहू दे, धूळ जाईल." इतके होते आहे तो फोन वाजू लागला. आपला तो पहिला फोन. वाजून वाजून थांबला.

कोणास वाटेल की आता टोपण काढिले आणि काम फत्ते जाहले. परंतु रावांपुढे धर्मसंकट उभे राहिले. मोहर तोडणे ही थोडकी गोष्ट नव्हे. ती ज्याने लाविली त्यानेच तोडावी, दोन पंचांसमक्ष तोडावी, आणि कारण लिहून ठेवावे, हे खात्याचे कलम. मामासाहेब म्हणाले की, "भाऊजी, ते रबराचं बूच आहे." राव म्हणाले की असू द्या. मग मामासाहेब आणि आजीसाहेब यांस पंच नेमून टेबलाखाली बसविले, मामासाहेबांच्या मोबाईलचा दिवा लाविला, आणि पंचनाम्यास आरंभ जाहला. कारणाच्या रकान्यात काय लिहावे म्हणोन रावांनी क्षणभर लेखणी थांबविली, आणि मग लिहिले: घरातील मालकिणीस दिसत नाही.

टोपण आठ वर्षे बसलेले, ते नखाने सुटेना, चिमट्याने सुटेना. आजीसाहेबांनी विणकामाची आकड्याची सुई दिली, तिने ते टपकन बाहेर आले. आत दार नव्या भांड्यासारखे लखलखीत, धुळीचा कण नाही. आजीसाहेब पंच या नात्याने बोलिल्या, "बघा. गेली का आत धूळ?"

मग मामासाहेबांनी सीलबंद पिशवी दातांनी फाडिली आणि केबल पुढे केली. परंतु ती आत जाणार कोठून? काजे दोन, तीही आपापल्या दारांसमोर, तिसऱ्या दारापुढे कापड सलग, आणि खालून वळवावी तर केबल आखूड. झबले उतरवावे तर साऱ्या वायरी सोडाव्या लागतील, आणि घड्याळात पावणेसहा. सर्वांनी आजीसाहेबांकडे पाहिले. आजीसाहेबांनी झबल्याच्या गोटेवरून एकवार हात फिरविला, मग कात्री मागविली, आणि आपल्या हाताने, आपल्या शिवणीवर, तिसरी चीर दिली. कापड फाटल्याचा आवाज जाहला तेव्हा राव डोळे मिटून होते. फोन पुन्हा वाजत होता, तो आपला दुसरा. परंतु एकाचे दोन्ही हात केबलीवर, एकाचे दिव्यावर, एकीचे कात्रीवर, आणि आईसाहेब तर श्वास धरून उभ्या.

केबल बसली. पडदा काळा राहिला, मग निळा जाहला, मग साऱ्या इमारतीसकट शाळेचा नकाशा उमटला. चार हजारी मनसब कायम, आणि सेकंदास चित्रे तीसच. मामासाहेबांनी कपाळाला हात लाविला. परंतु राव आठवडाभर चित्रांच्या वेगाच्या यादीत वावरून तरबेज जाहले होते. त्यांनी यादी उघडिली, आणि तेथे चार हजारी मनसबेपुढे आजवर जो आकडा नव्हता तो होता. साठ. राव त्याजवर बाण नेऊन थांबले आणि म्हणाले, "तू दाब."

आईसाहेबांनी दाबिले. मग नकाशा उजवीकडे ओढिला. भिंती जागच्या जागी, पायऱ्यांस शेपट्या नाहीत, बाण हाताच्या पुढे नाही की मागे नाही. म्हातारे कार्ड जोराने घरघरू लागले, परंतु हटले नाही. आईसाहेब खुर्चीवर बसल्या, आणि बसताना त्यांची पाठ खुर्चीस टेकली. दोन महिन्यांत ती टेकलेली कोणी पाहिली नव्हती. मग त्या तेवढ्या दुरून वाचू लागल्या, "नऊशे तीस. नऊशे तीस. इथे बाराशे. हे नऊशे तीस." चौदाही दारे त्यांनी वाचिली, आणि एकही चुकले नाही. रावांचे डोळे भरून आले, आणि ते वहीत काहीतरी लिहीत असल्याचे दाखवू लागले.

सहा वाजून वीस मिनिटे जाहली तेव्हा मामासाहेबांनी कायद्याचा प्रश्न काढिला. दुकान सातास बंद. ठेवावयाचा की परत द्यावयाचा, आणि ठेवावयाचा तर उद्या काही बिघडले तरी दाद नाही. राव मॉनिटरापुढे उभे राहिले, आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात पापुद्र्याचे टोक किंचित सुटलेले होते ते दोन बोटांत धरिले. या घरात आजवर कोणत्याही वस्तूवरचे कोणतेही आवरण कोणी आपखुशीने काढिले नव्हते. राव मातुःश्रींकडे वळून म्हणाले, "आई, काढू?" आजीसाहेब म्हणाल्या, "काढ. पण फाडू नकोस, मला लागेल." मग रावांनी तो पापुद्रा या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश सोलला, आणि चित्र आणखी उजळले. आईसाहेब म्हणाल्या, "अगंबाई, अजून स्वच्छ व्हायचं होतं का?" मामासाहेबांनी खोक्यातले थर्माकोल काढून माळ्यावर टाकिले आणि मोटारीची किल्ली खिशात घातली.

मग थोड्या वेळाने, मामासाहेब हात धुवावयास गेले असता, आईसाहेबांनी मोबाईल उचलिला, काही वाचिले, आणि बोटाने पुसून टाकिले. राव पंख्याकडे पाहत होते. आईसाहेबांनी विचारिले, "तुम्ही वाचला होतात ना?"

"कोणता?" राव म्हणाले.

अठ्ठावीस वर्षे ज्यांनी दुसऱ्यांची खोटी मापे पकडिली, त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा स्वतः खोटे माप दिले. आईसाहेबांनी ते ओळखिले, आणि तपासणी न करिता स्वीकारिले. आपण हा मजकूर आपल्यापाशीच ठेवावा.

आपला तिसरा फोन आला तेव्हा आजीसाहेब टेबलाखाली मांडी घालून तिसऱ्या चिरेस काज शिवीत होत्या, कारण फाटके झबले घरात चालावयाचे नाही. मामासाहेब दिवा धरून होते. रावांनी कापड दोन्ही हातांनी ताणून धरिले होते, आणि सोडिले असते तर टाका वाकडा गेला असता. आईसाहेब नकाशात होत्या, त्यांस फोन ऐकूच आला नाही. येणेप्रमाणे कोणी उचलला नाही, तो अपराध पोटात घालावा.

मोहिमेत खर्ची पडले ते: दुभाषा एक, रबरी टोपण एक, आजीसाहेबांच्या आकड्याच्या सुईचे टोक. आजीसाहेबांनी पापुद्रा धुऊन, वाळवून, त्याचे रावांच्या वहीतील अकराव्या पानास वेष्टण घातले. त्या वेष्टणाखालून ते पान स्वच्छ वाचता येते. जुना मजकूर रावांनी एका सरळ रेघेने खोडिला आहे, आणि खाली दोन पंचांच्या सह्यांनिशी नवा लिहिला आहे, तो असा: दारे तीन. काजे तीन. तिन्ही गणतीत. मोहर नाही.